पिपची भट्टी आणि ओझरची ऐरण : एका नैतिक विकासाचा ऐतिहासिक विचार

१

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, मुंबई-आग्रा मार्गावर व बाणगंगेच्या काठी ओझर हे गाव वसलेले आहे. एकोणिसाव्या शतकातील पाटबंधाऱ्यांच्या सरकारी दप्तरात या गावाची नोंद ‘ओझर तांबट’ अशी येते, आणि लोकव्यवहारातही ‘तांबटाचे ओझर’ हे नाव दीर्घकाळ रूढ होते. १९६४ साली येथे मिग-२१ जातीच्या लढाऊ विमानांचे सांगाडे बांधण्याचा कारखाना हिंदुस्थान एरोनॉटिक्सने उभारला. इंजिनांचे काम ओरिसातील कोरापुटकडे व विद्युत्-उपकरणांचे हैदराबादकडे गेले. तेव्हापासून गावाच्या नावापुढे ‘मिग’ हे अक्षर लागले. तांबट आणि मिग ही एकाच गावाची दोन बिरुदे होत. पहिले बिरुद वडिलांच्या हाताखाली शिकलेल्या हातोडीचे आहे, दुसरे आराखडा वाचून चालविलेल्या यंत्राचे आहे. या दोहोंच्या मधल्या काळात कारागिराच्या घरातील मुलगा शाळेत गेला, अक्षरे शिकला, आणि त्यांपैकी पुष्कळ जणांनी ऐरणीकडे पाठ फिरविली.

भट्टीपाशी वाढलेला मुलगा शिकून ‘मोठा’ होतो, म्हणजे नेमके त्याचे काय होते, हा प्रश्न इंग्रजी कादंबरीच्या इतिहासात ज्या एका ग्रंथाने सर्वांत खोलवर जाऊन विचारला, तो चार्ल्स डिकन्स याचा ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ होय. डिकन्सचा ओझराशी काडीचाही संबंध नाही, हे उघड आहे. परंतु ग्रंथ एका देशात जन्मतो आणि त्यातील प्रश्न अनेक देशांत उभा राहतो. प्रस्तुत लेखात या कादंबरीचा नायक पिप याच्या नैतिक विकासाचे स्वरूप प्रथम तपासून, त्याच कालखंडातील मराठी कादंबरीने तरुण मनाच्या घडणीचा प्रश्न कसा हाताळला हे पाहण्याचे, व अखेरीस ओझरसारख्या गावाच्या संदर्भात या दोन्ही उत्तरांची मर्यादा दाखविण्याचे योजिले आहे.

२

‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात ‘ऑल दि इयर राउंड’ या डिकन्सच्याच साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या आदल्याच वर्षी, १८५९ मध्ये, सॅम्युएल स्माइल्सचे ‘सेल्फ-हेल्प’ हे पुस्तक निघाले होते. उद्योग, काटकसर व चिकाटी यांच्या बळावर सामान्य मनुष्य वर चढू शकतो, हा त्या पुस्तकाचा संदेश त्या युगाच्या कानाला गोड लागला. डिकन्सने त्याच सुमारास लिहिलेली कथा वर चढणाऱ्या मुलाचीच आहे. मात्र चढताना खाली काय सांडले, याचा हिशेब ती मांडते.

हा हिशेब डिकन्सला ऐकीव नव्हता. १८२४ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, वडील कर्जापायी मार्शल्सी तुरुंगात असताना, बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटविण्याचे काम त्याला करावे लागले. ही गोष्ट त्याने जवळजवळ आयुष्यभर लपविली. फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून ती त्याच्या मृत्यूनंतर जगाला कळली. श्रमाची लाज वाटणे आणि त्या लाजेचीही पुढे लाज वाटणे, या दोन्ही अवस्था ग्रंथकर्त्याने स्वतः भोगलेल्या होत्या.

कथानक थोडक्यात असे. केंटच्या दलदलीच्या प्रदेशात राहणारा पोरका पिप आपली तापट बहीण व तिचा नवरा, लोहार जो गार्जरी, यांच्या घरी वाढतो. नाताळच्या आदल्या संध्याकाळी स्मशानात भेटलेल्या मॅग्विच नावाच्या फरारी कैद्याला तो भीतीपोटी घरातील अन्न आणि जोच्या भट्टीतील कानस चोरून नेऊन देतो. पुढे मिस हॅविशॅम या विक्षिप्त श्रीमंत बाईच्या वाड्यावर त्याला खेळावयास बोलाविले जाते, आणि तेथील एस्टेला ही मुलगी त्याच्या खरबरीत हातांची व जाडजूड बुटांची टवाळी करते. काही काळाने मिस हॅविशॅम २५ गिनी देऊन त्याला जोच्याच हाताखाली रीतसर उमेदवार म्हणून बांधून देते. मग एके दिवशी जॅगर्स नावाचा वकील येऊन सांगतो की, कोणा अज्ञात उपकारकर्त्याकडून पिपला मोठी मालमत्ता मिळावयाची आहे, व त्यासाठी त्याने लंडनला जाऊन ‘जंटलमन’ बनले पाहिजे. हा उपकारकर्ता मिस हॅविशॅमच असणार, असे पिप गृहीत धरतो. तेविसाव्या वर्षी त्याला कळते की, तो पैसा ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर गेलेल्या मॅग्विचच्या कष्टाचा आहे.

३

पिपच्या नैतिक विकासाचे तीन टप्पे स्पष्टपणे वेगळे करता येतात. पहिला भयाचा, दुसरा लाजेचा आणि तिसरा ऋणाचा.

पहिल्या टप्प्यातील पिपला अपराधाची बोच आहे. परंतु ती मुख्यतः पकडले जाण्याची भीती आहे. कानस चोरल्याचे तो जोला सांगत नाही, कारण सांगितल्यास जोचे प्रेम आटेल असे त्याला वाटते. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, ज्या कृत्याबद्दल तो स्वतःला गुन्हेगार मानतो, त्या कृत्यात एका भुकेलेल्या माणसाला अन्न देण्याचे पुण्यही मिसळलेले आहे. बालमनाला हा भेद करता येत नाही. चोरी आणि दया एकाच हाताने एकाच क्षणी घडली, हे समजण्यास त्याला पुढील सारे आयुष्य लागते.

दुसरा टप्पा एस्टेलेच्या टवाळीने सुरू होतो. भय माणसाला कृत्यापासून मागे ओढते. लाज त्याला स्वतःच्या माणसांपासून दूर नेते. पिपला हात तेच दिसतात, बूट तेच दिसतात, परंतु आता तो ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहू लागतो. मराठीत ज्याला ‘पांढरपेशा’ म्हणतात तसे होण्याची त्याची आकांक्षा येथे जन्मते, आणि ती कोणत्याही गुणाच्या ओढीने नव्हे, तर अपमानाच्या सलीने जन्मते. लंडनच्या बिऱ्हाडी जो त्याला भेटावयास येतो, तो प्रसंग या टप्प्याचा कळस होय. जो अवघडतो, हातातील टोपी ठेवावयास जागा शोधत राहतो, पिपला अदबीने ‘सर’ म्हणू लागतो. त्याचे येणे पैसे देऊन टाळता आले असते तर ते टाळले असते, अशी कबुली प्रौढ झालेला पिप निवेदनात देतो. यानंतर गावी गेला तरी पिप भट्टीवर न उतरता खाणावळीत उतरतो. या साऱ्यांत त्याने कायद्याचा एकही नियम मोडलेला नाही. वाचकाला मात्र कानशीच्या चोरीपेक्षा हे वर्तन अधिक गंभीर वाटते, आणि त्याला तसे वाटावे असाच लेखकाचा हेतू आहे.

तिसरा टप्पा मॅग्विचच्या परतीने उघडतो. प्रथम पिपला त्याची किळस येते. ज्या पैशाने आपले हात मऊ झाले तो पैसा एका कैद्याच्या खरबरीत हातांनी मिळविला, हे त्याला सहन होत नाही. परंतु मॅग्विचला परदेशी पळवून नेण्याच्या धडपडीत, ती फसल्यानंतर न्यायालयात, आणि शेवटी तुरुंगाच्या रुग्णशाळेत त्याचा हात हातात धरून बसताना, पिपला ज्याची किळस येत होती तो मनुष्य आपल्यावर आपल्यापेक्षा अधिक निष्ठा ठेवणारा होता, हे उमगते. मॅग्विचची मालमत्ता सरकारजमा होणार, याची त्याला आता खंत उरत नाही.

येथे एक सूक्ष्म गोष्ट नजरेआड होऊ नये. पिपचा विकास म्हणजे निव्वळ पश्चात्ताप नव्हे. आपण नेमके कोणाचे ऋणी आहो, या प्रश्नाचे चुकलेले उत्तर दुरुस्त करणे, असे त्याचे स्वरूप आहे. तो स्वतःला मिस हॅविशॅमचा ऋणी समजत होता. कागदोपत्री तो निघाला मॅग्विचचा. आणि अखेरीस त्याला कळते की या दोघांच्याही आधीचे ऋण जोचे आहे. डिकन्सने हा हिशेब अगदी आकड्यांत मांडला आहे. पिपला भट्टीवरून सोडताना नुकसानभरपाई घेणार काय, असे वकील विचारतो, तेव्हा जो संतापून ती नाकारतो. पुढे कर्जबाजारी व तापाने फणफणलेल्या पिपला पकडावयास लोक येतात, ते एका जवाहिऱ्याच्या १२३ पौंड १५ शिलिंग ६ पेन्सांच्या देण्यासाठी. जो त्याची शुश्रूषा करतो, देणे गुपचूप फेडतो आणि पिप बरा होताच, आपण जवळ असल्याने त्याला संकोच वाटू नये म्हणून, न सांगता निघून जातो. ज्याने मोबदला नाकारला त्यानेच कर्ज फेडले. आणि जो ‘जंटलमन’ बनावयास गेला त्याला खरा सद्गृहस्थ भट्टीवर सापडला.

तथापि भट्टीचा हा गौरव भाबडा नाही. त्याच भट्टीवर ओर्लिक नावाचा दुसरा कामगार आहे. तो द्वेषी आहे, हिंसक आहे, पिपच्या बहिणीला जायबंदी करणाराही तोच आहे. श्रमाने मनुष्य आपोआप सज्जन होत नाही, ही पुस्ती डिकन्सने ओर्लिकच्या रूपाने जोडून ठेवली आहे.

४

आता मराठीकडे वळू. ज्या १८६१ साली पिपची कथा पूर्ण झाली, त्याच साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ प्रसिद्ध झाली. तिच्या चार वर्षे आधी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ निघाले होते. ‘यमुनापर्यटना’त विधवांच्या दुःखाचे वास्तव दर्शन आहे, तर ‘मुक्तामाले’त अद्भुतरम्यतेचा विलास आहे. पात्राच्या घडणीच्या दृष्टीने मात्र ‘मुक्तामाला’ जुन्या आख्यानपरंपरेतील आहे. तिची नायिका आरंभी जशी सुशील तशीच अखेरीसही सुशील राहते. संकटे तिची कसोटी पाहतात, तिला बदलीत नाहीत. सोने अग्नीत घातले तरी सोनेच राहते, या कल्पनेवर असे वाङ्मय उभे असते. पिपच्या बाबतीत अग्नीत घातलेली वस्तू लोखंड आहे. ती तापते, वाकते, वेडीवाकडी होते आणि पुन्हा सरळ करावी लागते. चारित्र्य सिद्ध असते की घडत जाते, हा येथील मूळ भेद आहे.

चारित्र्य घडत जाते, ही दृष्टी मराठी कादंबरीत दृढपणे आणली ती हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांनी. खानदेशातील पारोळे येथे जन्मलेल्या आपट्यांची ‘मधली स्थिति’ ही पहिली कादंबरी १८८५ मध्ये, रेनॉल्ड्सच्या एका इंग्रजी कादंबरीच्या आधाराने, सुरू झाली. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि डिकन्सप्रमाणेच स्वतःच्या नियतकालिकातून आठवड्या-आठवड्याला कथा पुरविण्याची पद्धत स्वीकारली. ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ व त्यानंतरची ‘मी’ या त्यांच्या दोन प्रमुख सामाजिक कादंबऱ्या ‘करमणुकी’तूनच वाचकांपुढे आल्या. दोन्हींचे निवेदन प्रथमपुरुषी आहे. घडून गेलेले आयुष्य वळून पाहणारा निवेदक आणि त्या आयुष्यातून जाणारे अजाण मूल, या दोहोंच्या अंतरातून नैतिक विकास दिसतो, ही किल्ली आपट्यांनाही गवसली होती.

‘मी’ या कादंबरीचा नायक भाऊ म्हणजेच पुढील भावानंद. घरातील दुःखे, बहीण ताई हिच्या विवाहातून उद्भवलेले क्लेश, शिवरामपंतांसारख्या सुधारकाचे मार्गदर्शन, सुंदरीविषयीचे प्रेम आणि अखेरीस त्या प्रेमाचा त्याग करून लोकसेवेसाठी वाहून घेतलेले संन्यस्त जीवन, असा त्याचा प्रवास आहे. समाजसेवेला आयुष्य अर्पण करणाऱ्या सेवकांचा मठ ही या कादंबरीतील कल्पना, आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली स्थापन केलेला भारत सेवक समाज, यांतील साम्य अभ्यासकांनी वारंवार दाखविले आहे. कादंबरीतील नैतिक विकास येथे केवळ वाङ्मयीन घटना राहिली नाही. त्या पिढीच्या सार्वजनिक जीवनाचा तो एक आराखडा ठरला.

पिप व भावानंद यांची तुलना केली असता असे दिसते की, दोघांच्याही विकासाचा पाया ऋणाची जाणीव हाच आहे. परंतु ऋण फेडण्याच्या दिशा भिन्न आहेत. पिपचे ऋण व्यक्तींचे आहे, म्हणून ते फेडण्यासाठी त्याला मागे, भट्टीकडे, परतावे लागते. भावानंदाचे ऋण समाजाचे आहे, म्हणून त्याला घर ओलांडून पुढे जावे लागते. पिपला नम्र व्हावयाचे आहे. भावानंदाला समर्थ व्हावयाचे आहे. परक्या सत्तेखालील, अन्याय्य रूढींनी ग्रासलेल्या समाजात तरुणाने नुसते आपल्या घरच्यांशी कृतज्ञ राहावे, एवढ्यावर आपट्यांचे समाधान होणे शक्य नव्हते. आणि ज्या समाजात तरुणाला ‘पुढे जा’ असे सांगणारे शेकडो आवाज होते, तेथे ‘मागे वळून पाहा’ असे सांगणे हेच डिकन्सला आवश्यक वाटले. दोन्ही उत्तरे आपापल्या इतिहासातून आलेली आहेत.

५

परंतु दोन्ही उत्तरांत एक उणीव समान आहे. पिप भट्टीकडे परततो तो क्षमा मागण्यासाठी. पुन्हा हातोडी धरण्यासाठी नव्हे. जो व बिडी यांचा विवाह झाल्याचे पाहून तो हर्बर्टबरोबर कैरोला पेढीवरची कारकुनी करावयास जातो. भावानंदाच्या सेवाव्रतातही कारागीर हा सहकारी म्हणून फारसा दिसत नाही. कारण ‘मी’चे सारे जग पांढरपेशा वर्गाचे आहे. हाताच्या कामाविषयी आदर दोघांच्याही मनात असेल. दोघांच्याही हातात मात्र ते काम नाही.

ही उणीव ओझरच्या संदर्भात विशेष जाणवते. लंडनच्या भेटीत निरोप घेताना जो लोहार पिपला जे समजावतो, त्याचा आशय असा की, जगात कोणी लोहार असतो, कोणी कथिलकाम करणारा, कोणी सोनार तर कोणी तांबट, आणि अशा माणसांत ताटातूट व्हावयाचीच. जोच्या यादीतील शेवटचा कारागीर तांबट असावा, हा योगायोग होय. परंतु मराठी वाचकाला हे बोल इंग्रज वाचकापेक्षा वेगळे ऐकू येतात. इंग्लंडमध्ये ते वर्गाविषयीचे बोल आहेत. महाराष्ट्रात ते जातीविषयीचे वाटतात. येथे तांबट हा केवळ धंदा नव्हता, जन्माने ठरणारी जात होती. तांब्याचा पत्रा ठोकून हंडा, घागर, परात घडविणे, त्यावर मठारकाम करून तो कणखर करणे, ही विद्या बापाकडून मुलाकडे जात होती, आणि बहुधा बाहेरच्याला ती मिळत नव्हती. तेव्हा ऐरण सोडणारा प्रत्येक मुलगा कृतघ्न होता, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. जन्माने हाती आलेली हातोडी खाली ठेवण्याचे स्वातंत्र्य हाही एक नैतिक लाभ आहे. शिवाय ॲल्युमिनियमची व पुढे स्टेनलेस स्टीलची भांडी आल्यावर पुष्कळ ठिकाणी ऐरणीनेच मुलाला सोडले, हेही खरे.

या स्थित्यंतराचा एक कायदेशीर धागाही येथे नोंदविला पाहिजे. पिपला ज्या प्रकारच्या करारपत्राने जोकडे बांधून दिले, त्या जातीची व्यवस्था इंग्लंडात जुनी होती. १५६३ च्या कायद्यातील उमेदवारीची सक्ती १८१४ साली रद्द झाली, तरी प्रथा चालू राहिली. हिंदुस्थानात कंपनी सरकारने १८५० साली उमेदवारीचा कायदा केला, तो विशेषतः पोरक्या व गरीब मुलांना धंदा शिकता यावा या हेतूने. पिपसारखा मुलगाच त्या कायद्यापुढे होता. स्वतंत्र भारतात त्याची जागा १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने घेतली. तीनच वर्षांनी ओझरला विमानांचा कारखाना आला. आता पत्रा ठोकण्याचे काम तांब्यावरून विमानाला लागणाऱ्या हलक्या मिश्रधातूंवर गेले. आणि ते शिकण्यासाठी तांबटाच्या पोटी जन्मण्याची अट राहिली नाही. अट राहिली ती अक्षरओळखीची, गणिताची व परीक्षेची.

येथे पिपचा प्रश्न नव्या रूपाने उभा राहतो. जुन्या ऐरणीपाशी ज्ञान होते, पण दार बंद होते. नव्या कारखान्यात दार उघडले. परंतु तेथेही आराखडा काढणारा आणि तो हाताने उतरविणारा यांच्यात तीच दरी पडू शकते, जी लंडनच्या बिऱ्हाडात पिप व जो यांच्यात पडली होती. कायदा प्रवेशाची समता देऊ शकतो. हाताच्या कामाविषयीची लाज तो घालवू शकत नाही. ती घालविणे हे शिक्षणाचे काम आहे, आणि वाङ्मयाचा अभ्यास हा त्या शिक्षणाचा भाग आहे.

६

या प्रश्नाचे एक अर्धस्फुट उत्तर ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्येच आहे, मात्र ते पिपच्या नव्हे, जोच्या कथेत आहे. आरंभी जोला आपल्या नावातील अक्षरांपलीकडे फारसे वाचता येत नाही. लहानगा पिप पाटीवर त्याला चार ओळी लिहून दाखवितो, तेव्हा जो त्याला विद्वान समजतो. पिप लंडनला गेल्यावर बिडी जोला लिहावयास शिकविते. आजारातून उठलेल्या पिपसमोर जो मोठ्या अभिमानाने, टाक हातोडीसारखा मुठीत धरून, पत्र लिहावयास बसतो. आणि जाताना मागे ठेवतो तीही त्याने स्वतः लिहिलेली चिठ्ठीच असते. पिपने अक्षर मिळविले आणि हातोडी गमावली. जोने हातोडी न सोडता अक्षर मिळविले. समीक्षकांची दृष्टी पिपच्या प्रवासावर खिळल्यामुळे या दुसऱ्या प्रवासाकडे पुरेसे लक्ष जात नाही. वास्तविक नैतिक विकासाचा अधिक पूर्ण नमुना तोच आहे. कारण त्यात कोणाचीही ताटातूट होत नाही.

मिग-२१ विमाने भारतीय वायुदलातून सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाली. ‘तांबट’ या बिरुदाप्रमाणे ‘मिग’ हे बिरुदही आता भूतकाळाची खूण होऊन राहील. धंदे जातात, धातू बदलतात, कारखान्यांची कामे पालटतात. उरतो तो प्रश्न एवढाच, की त्या त्या काळी शिकलेल्या मुलाने आपल्याला शिकविणाऱ्या हाताकडे कोणत्या नजरेने पाहिले. पिपला त्याचे उत्तर सापडण्यास त्याचे सारे तारुण्य खर्ची पडले. भावानंदाने त्या उत्तराला समाजाएवढी व्यापकता दिली. परंतु त्यात ऐरणीला जागा ठेवली नाही. ही जागा मराठी कादंबरीच्या इतिहासात कोणी, केव्हा व कशी भरून काढली, याचा शोध घेणे हे या विषयाच्या पुढील अभ्यासकांचे कर्तव्य ठरते.